उंट एक घर आधी थांबला तर

१३ जुलै, रविवार. त्रिची

दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि आण्णांना फोन लावला. ताटातला भात तसाच होता. त्यांच्या बुद्धिबळाच्या नव्या रचनेत चोरवाट सापडली होती, म्हणजे त्यांनी न योजलेली दुसरी वाट, ती सांगितल्याशिवाय घास उतरला नसता.

त्यांच्या लेकीनं, अनुजाताईंनी, फोन आण्णांच्या कानाला धरला. मी सांगत गेलो, आण्णा, घोडा इकडनं आला तरी मात होते, हत्ती लागतच नाही. पलीकडनं एक टिचकी. एक म्हणजे व्हय, दोन म्हणजे न्हाय. शिमग्याच्या आधी ऑपरेशन करून घशातलं सगळं काढलं, तेव्हापासून आण्णांचं बोलणं एवढंच, फोनच्या पाठीवर नखाची टिचकी. लेथ चालू असताना या माणसाची हाक रस्त्यापर्यंत जायची.

मग प्यादं कुठं ठेवायचं ते शोधत बसलो. मी एकेक घर सांगायचं, त्यांनी दोन टिचक्या द्यायच्या. शेवटी एक टिचकी आली, जोरात. चोरवाट बुजली. आता रचनेखाली दोघांची नावं, गुंडू आण्णा आणि सूरज.

बरोबर काम करणारा मुरुगन हे लांबून बघत असतो. मी एकटाच बोलतो, पलीकडनं कोणी बोलत नाही. त्याला वाटतं पोरगी आहे आणि रुसली आहे. खुणा करून सांगतो, साडी घेऊन जा.

त्याला काय समजावणार? मराठीत सांगितलं तरी लोकांना कळत नाही. कोल्हापुरात मंगळवार पेठेत हंबीरमामाच्या लेथच्या कारखान्यात दर रविवारी काही माणसं जमतात, बुद्धिबळाचा पट मांडतात आणि डाव खेळतच नाहीत. नुसत्या रचना करतात, त्याही उलट्या. आपमात म्हणजे पांढऱ्यानं काळ्याला भाग पाडायचं की बाबा, तूच मला मार. मिळून मात म्हणजे काळा आणि पांढरा दोघांनी संगनमत करायचं आणि काळ्या राजाला संपवायचं, काळा स्वतः मदत करतो. शिवाय नाकतोडा म्हणून एक जास्तीचं सोंगटं. वजिरासारखं कुठल्याही रेघेत जातं, पण वाटेत कोणतरी उभं पाहिजे. त्याच्या डोक्यावरनं उडी मारून लगेच पलीकडं बसतं. वाटेत कोणी नसलं तर जागचं हलत नाही. आण्णांनी पितळेचे नाकतोडे लेथवर काढून सगळ्यांना दिलेत.

हंबीरमामाची बायको ह्याला उलट्या काळजाचं मंडळ म्हणते. तेच नाव पडलं.

२७ जुलै, रविवार

परत आण्णांच्या रचनेत चोरवाट, परत मलाच. मंडळाचा नियम असा की चोरवाट ग्रुपवर टाकायची नाही. माणसाला चारचौघांत उघडं पाडायचं नाही. फोन करून तोंडानं सांगायचं, मग दोघांनी मिळून बुजवायची.

संध्याकाळी हंबीरमामाचा फोन आला. मी म्हटलं, मामा, खरं सांगू का, तुमच्या रचनेत मला कधी काय सापडत नाही, आण्णांच्यात मात्र दरवेळी सापडतं. म्हणजे तुम्ही आण्णांपेक्षा पक्के. मामा हसायला लागले ते थांबेनात. म्हणाले, "आता ह्ये आण्णाला सांगू नगंस बाबा. गुदमरंल त्यो."

माझ्या डोक्यात हैदराबादचं चाललंय ते पण मामांना सांगितलं. तिथं एकजण असंच सोनं गाळायचं, गलाईचं दुकान टाकतोय, पगार चांगला देतो म्हणतो. इथं मला कंटाळा आला. रोज तेच, जुने दागिने, मूस, टाकणखार, तेजाबाचा वास. फौंड्रीत असताना पण असंच झालं, गोव्याच्या हॉटेलात असंच, पुण्यात असंच. आई म्हणते पोराच्या पायाला भिंगरी आहे. नववीत वर्ग सोडून उठलो तो बसलोच नाही कुठं.

मामांनी ते आण्णांना जाऊन सांगितलं असणार, कारण लगेच अनुजाताईंचा मेसेज. आण्णांनी पाटीवर लिहून दाखवलं म्हणे, "त्याला म्हणावं घोडा तुझ्यापेक्षा बरा. वळायच्या आधी दोन घरं तरी सरळ जातोय."

हसू आलं. पण हैदराबादवाल्याला अजून फोन केलेला नाही.

१७ ऑगस्ट, रविवार

आज फोनवर टिचक्या बारीक येत होत्या. मला वाटलं नेटवर्क. अनुजाताई बाजूला जाऊन म्हणाल्या, "डॉक्टर म्हणाले घरी न्या. आता काय करण्यासारखं न्हाय."

मी विचारलं, आण्णांना माहीत आहे? म्हणाल्या, त्यांनाच आधी कळलं.

त्या जयसिंगपुराहून सासर सोडून बापापाशी येऊन राहिल्यात. त्यांना बुद्धिबळातलं काही येत नाही. उंट तिरका चालतो हेही त्यांना आत्ता आत्ता कळलंय. पण आण्णांनी बोट दाखवलं की सोंगटी उचलून ठेवतात आणि फोटो काढून पाठवतात.

शेठला रजेचं विचारलं. शेठ आपल्याच भागातला, वाईट नाही. पण मुरुगनच्या ताब्यात दुकान देत नाही आणि दुसरा पोरगा गणपतीला म्हणून आत्ताच गावी गेलाय. म्हणाला दिवाळीत जा, हवं तेवढं राहा. दिवाळीत जाईन. तोवर काय होत नाही.

७ सप्टेंबर, रविवार

आण्णांची दिवाळीच्या पत्रिकेसाठीची रचना आली. दरवर्षी हंबीरमामा वर्षभरातल्या रचनांची एक घडीची पत्रिका छापतात आणि सांगली, जयसिंगपूर, बेळगावपर्यंत पाठवतात. पहिल्या पानावर आण्णांची रचना असते. मामांनी ग्रुपवर लिहिलंय, ही आण्णांची शेवटची, सगळ्यांनी नीट बघा. शेवटची असं कशाला लिहायचं? वाचून राग आला.

मिळून मात आहे. सोंगट्या थोड्याच. फोटोत कडेला आण्णांचा हात आलाय. मनगट इतकं बारीक की मला वाटलं अनुजाताईंचंच.

९ सप्टेंबर, मंगळवार

सुटली. फार देखणी आहे. पांढरा उंट लांबच्या तिरक्या रेघेनं पार कोपऱ्यात जाऊन बसतो. इतका लांब का गेला ते कळत नाही. मग नाकतोडा उडी मारून त्याच रेघेत, उंटाच्या आड येऊन उभा राहतो. काळा राजा आपल्या पायानं रेघेच्या दुसऱ्या टोकाला येतो. मग नाकतोडा बाजूला उडतो, रेघ उघडी पडते, लांब कोपऱ्यातनं उंटाची मात. उंट आधीच पलीकडं गेला म्हणून हे जमतं. बघून अंगावर काटा आला.

तरी मी परत मांडली. मला सवयच आहे, सुटलेली रचना परत चिवडायची.

उंट कोपऱ्यात जायच्या ऐवजी एक घर आधी थांबला तर?

तर काय नाही. तसंच सगळं होतं. नाकतोडा आड येतो, राजा येतो, नाकतोडा उडतो, मात. कोपऱ्यापर्यंत जायची गरजच नाही.

तीनदा बघितलं. तीच गोष्ट.

ही चूक आण्णांची नाही. म्हणजे आण्णांनी केलीय, पण ही शिकाऊ माणसाची चूक आहे. उंटाला लांब पाठवायची रचना केली की पहिलं हेच बघायचं, हे मला आण्णांनीच शिकवलंय. कडेच्या पट्टीत एक काळं प्यादं ठेवलं असतं की झालं. शह बसताच आधीच्या घरात थांबलेल्या उंटाला ते प्यादं मारतं, मग मात राहत नाही; कोपऱ्यातला उंट त्याला सापडत नाही. एका प्याद्याचं काम.

आण्णांचं डोकं आता चालेनासं झालंय. मुरुगननं हात हलवून दाखवला तेव्हा कळलं, भट्टीवर मूस तशीच लाल होऊन बसली होती.

१० सप्टेंबर, बुधवार

सकाळी फोन हातात घेतला, नंबर काढला आणि ठेवला. काय सांगू? आण्णा, तुमची शेवटची रचना मेली? अंथरुणातनं उठवत नाही त्या माणसाला?

मंडळातल्या बाकीच्यांचं कोणाचं काहीच आलं नाही ग्रुपवर. म्हणजे कोणाला दिसलं नाही. मग छापू दे. सांगलीत बेळगावात कोणाला सापडली तर सापडली, तोवर आण्णा काय ते बघायला

पुढचं लिहीत नाही.

ग्रुपवर टाकलं, "आण्णा, बिनचूक. कुठं फट न्हाय. मानलं तुम्हाला." वर हात जोडलेले. फोन केला नाही. फोनवर मला खोटं बोलता आलं नसतं, टिचकी ऐकून सगळं बोलून गेलो असतो.

बरं केलं की वाईट माहीत नाही. दिवसभर बरं वाटत होतं. आता तेवढं वाटत नाही.

१४ सप्टेंबर, रविवार

अनुजाताईंचा मेसेज. आण्णा विचारतायत नीट बघितलंस का.

मी लिहिलं, दोनदा बघितली, एकच वाट आहे.

थोड्या वेळानं परत. "आण्णा विचारतायत, उंट कोपऱ्यातच का?"

माणसाला कौतुक ऐकावंसं वाटतं. त्यात आजारी माणूस. उंटाची ती लांब चाल त्यांची आवडती असणार. मी भरभरून लिहिलं, कोपऱ्यातनं सगळी रेघ त्याच्या ताब्यात येते, अशी चाल तुम्हालाच सुचावी, एक नंबर.

त्यावर काही आलं नाही. खूश झाले असतील.

आज रविवार असून फोन केला नाही. केला असता तर रचनेचा विषय निघालाच असता.

२१ सप्टेंबर, रविवार

मेसेज आला, "आण्णा म्हणतायत फोन कर."

मी लिहिलं, ताई, दुकानात गर्दी आहे, सणाचे दिवस, उद्या करतो. गर्दी नव्हती. मुरुगन बाकावर झोपला होता.

कसा करू? ते विचारणार, कुठं फट आहे का. मी न्हाय म्हणणार. आणि त्यांना माझा आवाज ओळखता येतो. कारखान्यात मशीनचा आवाज ऐकून सांगायचे, बेअरिंग गेलंय.

पत्रिका पुढच्या आठवड्यात छापायला जाते. एकदा छापली की विषय संपला. मग रोज करीन फोन.

२५ सप्टेंबर, गुरुवार

सकाळी भट्टी पेटवत होतो. हंबीरमामाचा फोन. मामा कधी हळू बोलत नाहीत, आज हळू बोलले. "सूरज, आण्णा गेला रे."

शेठनं काही न विचारता जा म्हणून सांगितलं. बेंगलोरपर्यंत उभा.

२७ सप्टेंबर, शनिवार. कोल्हापूर

मिरजेहून गाडी नवरात्राच्या गर्दीनं भरलेली. अंबाबाईला निघालेल्या बायका, डोक्याशी पिशव्या, हसणं खिदळणं. मी दारात बसलो.

पोचलो तो सरळ नदीवर. रक्षाविसर्जनाला माणसं जमली होती. राखेवर पाणी मारलेलं. मला वाटलं होतं तोंड तरी बघायला मिळेल, पण मिळत नाही हे मिरजेतच कळायला पाहिजे होतं. तिसऱ्या दिवशी कुणाचं तोंड?

नैवेद्य मांडला. आण्णांना आवडायचं ते सगळं, पिवळ्या कडीच्या पेल्यात चहा, भडंग, विडीचं बंडल. कावळा काही शिवेना. लोक एकेक करून बोलायला लागले, लेकीची काळजी करू नको आण्णा, घराचं बघतो आण्णा. कावळा फांदीवरच. मग हंबीरमामा मोठ्यानं म्हणाले, "आण्णा, तुझ्या पत्रिकेचं मी बघतो." तरी नाही.

मामांनी माझ्याकडं बघितलं. मी मागं सरकलो.

शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला.

२८ सप्टेंबर, रविवार

मामांच्या कारखान्यात गेलो. लेथवर पोतं टाकलेलं. बाकीचे बसून चहा पिऊन गेले. मी आणि मामाच राहिलो. पट मांडलेलाच होता, आण्णांची रचना.

मामा म्हणाले, "उंट बघितलाईस न्हवं?"

मी म्हटलं, बघितलाय.

"एक घर आधी थांबला तर?"

म्हटलं, मामा, तुम्हाला माहीत होतं?

"सगळ्यास्नी म्हाईत हाय. माझ्या नातवाला पण दिसंल ते. आण्णानं शपथ घातल्ती, कुणी बोलायचं न्हाय, पोरगं सांगंल."

मला अजून कळेना. म्हटलं, म्हणजे आण्णांना पण माहीत होतं?

मामांनी मला शिवी दिली, ती इथं लिहीत नाही. मग म्हणाले, "ल्येका, तू मंडळात येईपातूर गुंडू आण्णाच्या रचनेत एक चोरवाट कुणाला सापडली न्हवती. सांगलीची माणसं हात टेकून गेली. अन् तू आलास अन् दर खेपंला सापडाय लागली? तुला कवा वाटलं न्हाय?"

मला नाही वाटलं. मला वाटलं मी हुशार आहे.

उठून बाहेर आलो. मामा हाका मारत होते, वळून बघितलं नाही. रंकाळ्यापर्यंत चालत गेलो आणि परत आलो.

म्हणजे सगळं खोटं. पत्रिकेत दोन वर्षं छापून आलेली माझी नावं खोटी. शाळेचा दाखला सोडला तर दुसऱ्या कशावर माझं नाव नाही, ना दुकानावर, ना कागदावर. त्या पत्रिका मी घडी करून सगळीकडं बरोबर नेल्या. ती नावं आण्णांनी मला भीक घातल्यासारखी दिली? लहान पोराला कुस्तीत मुद्दाम जिंकवतात तशी? मंडळातली माणसं आत हसत असतील. मामा तर त्या दिवशी फोनवर तोंडावर हसले.

मेलेल्या माणसाचा राग येऊ नये म्हणतात. मला आला.

३० सप्टेंबर, मंगळवार

अनुजाताईंनी जेवायला बोलावलं. जायचं नव्हतं, गेलो. आण्णांची खाट उभी करून भिंतीला लावलेली.

ताई वाढता वाढता सांगत होत्या. रविवार आला की आण्णा सकाळी दाढी करून घ्यायचे. उशा लावून बसवायला लागायचं. कोण येणार आहे असं शेजारणीनं विचारलं होतं. दुपारी माझा फोन होऊन गेला की मगच पेज घ्यायचे, एरवी नळीतनं घालायला गेलं तरी हात झटकायचे.

मी विचारलं, आणि शेवटच्या रविवारी?

"त्या दिवशी पण दाढी केली."

मग म्हणाल्या, "मी म्हटलं आण्णा, मी लावते त्याला फोन. तर दोन टिचक्या. लावू नगंस. त्यानं केला पायजे म्हणून बसून राह्यले. दिवे लागल्यावर म्हटलं आता झोपा. ऐकंनात. मला काय कळंना, सूरज, एवढं काय होतं त्या रचनेत?"

मी म्हटलं, ताई, त्यात एक चूक होती.

"मग तुला दिसली न्हाय व्हय?"

दिसली होती म्हणालो.

ताई भाताचं पातेलं हातात धरून उभ्या राहिल्या. मला वाटलं होतं त्या रडतील किंवा बोल लावतील. त्यांनी माझ्या पानात भात वाढला आणि म्हणाल्या, जेव.

जेवलो. कसा जेवलो माहीत नाही.

१ ऑक्टोबर, बुधवार

काल झोप नाही. एकच गोष्ट फिरतेय. नियम असा की चोरवाट तोंडानं सांगायची. म्हणजे चोरवाट असली की फोन येणार. नसली तर? बिनचूक रचनेला कोण फोन करतं? ग्रुपवर हात जोडतात आणि संपलं.

मी हैदराबादचं बोललो, गोवा सोडला, पुणं सोडलं, कुठं कुठं होतो, पण रविवारी दुपारी फोन मात्र कधी चुकवला नाही. चुकवले ते हे शेवटचे दोनच.

यापुढं मला विचार करता येत नाही.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

मामांनी बोलावलं. पत्रिका छापायची थांबवून ठेवली आहे. मी रविवारपासून त्यांच्याशी बोललो नव्हतो, त्यांनी ते धरलं नाही. पटावर काळं प्यादं माझ्यापुढं सरकवलं.

"ठीव त्याच्या जागंवर. खाली दोघांची नावं टाकतो अन् देतो छापायला. आण्णाला तेच पायजे व्हतं."

मी प्यादं हातात घेतलं. घर समोरच होतं.

मंडळाचा आणखी एक नियम आहे. माणूस गेला की त्याच्या रचनेला हात लावायचा नाही. चूक असली तरी तशीच. कारण बुजवायची ती त्याला विचारून, त्यानं व्हय म्हटल्यावर. तो नसताना बुजवली तर ती त्याची राहत नाही. हा नियम आण्णांनीच घातलेला, मामांचे थोरले भाऊ गेले तेव्हा.

मामांना म्हटलं, न्हाय ठेवत.

"अरं नियम आमीच केला, आमीच मोडतो. कोण इचारतंय?"

मी म्हटलं, मामा, ज्याला सांगायचं त्याला मी सांगितलं नाही. आता प्यादं ठेवून नाव घेऊ? तशीच छापा. एकट्या आण्णांचं नाव घाला.

मामा म्हणाले, "मग गावोगावची माणसं म्हणत्याल, गुंडू आण्णाची शेवटची रचना फुटकी. चालंल तुला?"

चालणार नव्हतं. पण म्हटलं, म्हणू देत. ज्याला सापडेल त्यानं फोन करावा, असं खाली लिहा आणि माझा नंबर द्या.

मामांनी हात पुढं केला. मग प्यादं परत डबीत टाकलं.

५ ऑक्टोबर, रविवार

मलकापुरात आईपाशी एक दिवस राहिलो. उद्या निघणार. आई म्हणाली, आता कुठं, त्रिची का आणि दुसरीकडं? म्हटलं त्रिचीच. तिनं दोनदा विचारलं.

२३ ऑक्टोबर, गुरुवार. त्रिची

पाडव्याला दुकान बंद होतं, आज उघडलं. पत्रिका पोचल्या वाटतं. दुपारी पहिला फोन आला, सांगलीचे एक निवृत्त तलाठी. हॅलो झाल्याबरोबर म्हणाले, तुमच्या त्या पहिल्या पानावर घोटाळा आहे, कोपऱ्यात जायची गरज नाही, कोण बघतं की नाही छापायच्या आधी?

अंगाला तेजाब लागल्यासारखं झालं. म्हटलं, बरोबर आहे तुमचं. ते म्हणाले, बरोबर आहे म्हणजे? माहीत होतं तर छापलं कशाला? फोन ठेवला त्यांनी.

बेळगावहून एकाचा आला. तो चांगला बोलला, पण घाईत.

आण्णांची अशी फजिती मी करून ठेवली. प्यादं ठेवलं असतं तर बरं झालं असतं का? मामांना विचारणार होतो, विचारलं नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

दुपारी जेवून बसलो होतो. रविवारची ही वेळ मला आता नको वाटते. मुरुगन हल्ली विचारत नाही, पोरगीनं सोडलं असं त्यानं धरलंय. कालच माझ्या पाठीवर थाप मारून केळी दिली.

फोन वाजला. बाईचा आवाज, वयस्क. जयसिंगपुरातनं बोलते म्हणाल्या, नाव चिमणाबाई. नवरा मंडळाची पत्रिका घ्यायचा, तो गेल्यावर त्याच बघत बसतात, दिवस जातो. मग बराच वेळ इकडचं तिकडचं, त्रिचीत पाऊस आहे का, जेवलास का बाळ. मी म्हटलं, मावशी, रचनेचं काही होतं का?

म्हणाल्या, "व्हतं. पर दिवाळीपासनं ठेवून दिलंय मनात. माणूस गेला म्हणं त्यो. गेलेल्या माणसाची चूक काढू न्हाय. म्हटलं कशाला सांगायचं? बरं, मला सुचलं ते खरंच हाय का तेबी ठावं न्हाय."

मी उठलो. मुरुगनला खूण केली, भट्टीचं तू बघ. बाहेर पायरीवर येऊन बसलो.

म्हटलं, "सांगा की, मावशी. त्यास्नी चाललं असतं."

"तुमी कामात असशीला."

"न्हाय, कामात न्हाय. पहिल्या चालीपासनं सांगा. मला घाई न्हाय."

त्यांनी सांगायला सुरुवात केली. हळूहळू, मधेच विसरत, परत पहिल्यापासनं. उंट निघाला. मला पट लागत नव्हता, सगळा डोळ्यांपुढं होता. उंट कोपऱ्याच्या एक घर आधी आला आणि मावशी थांबल्या. म्हणाल्या, हितंच ऱ्हायला तर, बाळ? फुडं कशाला जायाचं?

मी म्हटलं, व्हय. बरोबर हाय तुमचं. चोरवाट हाय.

त्या हसल्या. लहान पोरीसारखं हसल्या, मग हसल्याबद्दल त्यांनाच वाईट वाटलं असावं, कारण लगेच म्हणाल्या, आता ह्ये बुजवायचं कसं?

मला ते घर माहीत होतं. नऊ सप्टेंबरपासून माहीत होतं.

म्हटलं, एक काळं प्यादं लागेल. छापलेल्या रचनेत न्हाय ठेवायचं, तुमच्या घरच्या पटावर ठेवा. कुठं, ते तुम्हीच बघा.

पलीकडं सोंगट्या लाकडावर सरकल्याचा आवाज आला. इथं ठेवू का, म्हणाल्या. म्हटलं न्हाय, मावशी. परत आवाज. इथं? तिथं पण न्हाय.

पायरीवर ऊन आलं होतं, म्हणून थोडा सरकून बसलो. मावशी शोधत होत्या. मी थांबलो.